न ऐकता दिलेला पहिला वर्ग

पेटीच्या परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी मला पहिल्या वर्गात पास केलं आणि फसवलं.

हे वाचून काही लोक हसतील. पास करून कुणी फसवतं होय? फसवतं. मी डाळिंबाचा व्यापारी आहे. सगळं आयुष्य मार्केट यार्डात घासाघीस करण्यात गेलं, तेव्हा फसवणुकीच्या जाती मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. भाव पाडून मागणारा लबाड ओळखू येतो, त्याच्याशी भांडता येतं, त्याच्या आईबापाचा उद्धार करता येतो. पण मालाकडे ढुंकूनही न बघता मागाल त्याहून जास्त हातावर ठेवणारा, वर पाठ थोपटून डोळे पुसत निघून जाणारा माणूस आला, तर त्याला काय बोलणार? तो गेल्यावर तुम्ही आपल्याच मालाकडे बघत बसता. हा चांगला होता की वाईट? मी अजून तसाच बसलो आहे. पेटी मी बरी वाजवतो की वाईट, हे मला आजतागायत कुणी खरं सांगितलेलं नाही.

परवा दुपारी पूर्व भागातून मोटरसायकलवर चाललो होतो. सोलापूरचा मे म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच माहीत. डांबर टायरला चिकटतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि बंद दारांच्या आतून यंत्रमागांची खडखड मात्र चालूच असते. टॉवेल काय, चादर काय, उन्हाची सुट्टी कुणाला नाही. त्या खडखडीतून अचानक पोरांचा आवाज आला. धा धिं धिं धा. हातावर टाळी देत कुणीतरी तीनताल घोकत होतं. संगीताच्या परीक्षा आल्या वाटतं, असं मनात आलं आणि तोंड कडूजहर झालं. इतकी वर्षं झाली, तरी मे महिना आला की कैरीच्या वासाआधी मला पेटीच्या भात्याच्या कातड्याचा वास येतो. तापलेल्या लाकडाचा, घामाचा आणि त्या कातड्याचा.

हाताचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमची उत्सुकता संपेल. लोकांना तेच ऐकायचं असतं. आमचं गाव सांगोल्याकडचं. घरी शेरडं-मेंढरं आणि पाऊस पडला तर ज्वारी. लहान असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात कडबा सारताना उजवा हात आत गेला. मधली तीन बोटं गेली; अंगठा आणि करंगळी राहिली. झालं. यात जिद्द नाही, नियती नाही, देवाची परीक्षा नाही. यंत्राला दातरी असते आणि पोरांना अक्कल नसते, एवढंच आहे. पण गेल्या काही वर्षांत मला सत्काराला बोलावणारे जे वक्ते भेटले, त्यांतला प्रत्येक जण या तीन बोटांवर अर्धा तास बोलू शकतो. उरलेल्या सात बोटांनी मी काय केलं, यावर एकालाही एक वाक्य येत नाही.

आमचे तात्या, म्हणजे वडील, शेरडांचा व्यापार करायचे. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राहतो. हात बरा झाल्यावर तात्यांनी मला पहिल्यांदा बाजारात नेलं, तेव्हा चुलता म्हणाला, "ह्याला कशाला आणलंस? ह्यो आता टावेलाखाली बोलनार कसा?"

गिऱ्हाईक आलं, अकलूजकडचा एक जाडजूड खाटीक. तात्यांनी टॉवेल टाकला आणि माझा हात आत सरकवला. त्या माणसाने सवयीने बोटं धरायला हात पुढे केला, त्याला बोटं सापडेनात. थोटकांवर त्याचा अंगठा फिरला आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू टॉवेलाखाली साप निघाला.

"आरं देवा," तो म्हणाला. "लेकराला काय झालं वो?"

"नशीब म्हाराज," तात्या मान खाली घालून म्हणाले.

खाटकाने तात्यांनी सांगितलेला भाव तसाच कबूल केला. शेळी लंगडत होती. त्याने तिच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येताना तात्या इतके खुशीत होते की मला भजी खाऊ घातली. त्यानंतर दर बाजाराला माझा हात टॉवेलाखाली जायचा आणि मरतुकडी जनावरं चढ्या भावाने खपायची. दया आली की माणूस आंधळा होतो, हे मी शाळेत नाही, त्या टॉवेलाखाली शिकलो. खोटं कशाला बोलू, धंद्यात मी अजूनही हे वापरतो. बागवाला शेतकरी फारच अडून बसला की मी हिशेब करताना उजवा हात मुद्दाम वर काढतो. धंदा आहे तो. पण पेटीवर मी तो हात कधी विकायला काढला नव्हता. तो माझ्या परवानगीशिवाय विकला गेला, हे माझं दुखणं आहे.

पेटीची गोडी मला भजनाने लावली आणि पेटी शिकायला मला भजनवाल्यांच्या मुजोरीने लावलं. सोलापुरात यार्डात हमाली करायला आलो, तेव्हा आमच्या गल्लीत भजनी मंडळ होतं. मी रोज मागे बसायचो. एकदा पेटीवाला आला नव्हता म्हणून मी पेटी पुढे ओढली आणि डाव्या हाताने सूर धरला. सूर बरोबर होता. मंडळाचे पुढारी लगेच टाळ थांबवून म्हणाले, "ए बिराप्पा, डावा हात देवापुढं? उठ तितनं."

"उजव्याला बोटं न्हाईत की," मी म्हणालो.

"मग टाळ धर. टाळ धरायला जमंल तुला. देवाला काय, भाव लागतो."

देवाला भाव लागतो, आणि हात मात्र उजवा लागतो! मी पेटी अशी ढकलली की तिचा एक सूर बरेच दिवस लागत नव्हता. आठवड्याभरात मी पूर्व भागात नरसय्या मास्तरांच्या क्लासच्या दारात उभा होतो.

नरसय्या मास्तर तेलुगू घरातले, बाप-आजा विणकर. क्लास म्हणजे एक लांबट खोली, भिंतीपलीकडे भावाचे माग. खडखडीच्या वर आवाज काढायची सवय लागल्यामुळे मास्तर घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. त्यांनी माझा हात बघितला, नाक वर केलं आणि म्हणाले, "एम्रा, भाता कशानं हलवनार? नाकानं?"

एम्रा म्हणजे काय रे. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू व्हायचं. मला ते तिथल्या तिथे आवडले. माझा हात बघून 'अरेरे' न म्हणणारा तो पहिला माणूस.

भाता उजव्याने हलवायचा, हे ठरलं. अंगठा भात्याच्या कडेला अडकवायचा आणि थोटकांनी रेटायचं. कातडी सोलून निघायची. मग मी मागावरच्या चादरीची किनार कापून हाताला गुंडाळायला लागलो. खरी पंचाईत डाव्या हाताची होती. सूर चढत गेले की उजव्या हाताची करंगळी पुढे असते. डाव्याचा अंगठा पुढे येतो. जगातल्या सगळ्या मास्तरांनी ठरवलेली बोटांची चाल माझ्या हाताला उलटी पडायची. मास्तरांनी काय करावं? ते स्वतः डाव्या हाताने वाजवायला बसले. मला शिकवायचं तर आधी आपल्याला आलं पाहिजे म्हणून. आणि त्यांना येईना! इतकी वर्षं पेटीवर राज्य केलेला माणूस, सा रे ग म वाजवताना अडखळायचा, आणि चिडून स्वतःच्याच डाव्या हातावर उजव्याने चापट मारायचा. मी हसलो की ती चापट मला.

"हसतोस काय, गाढवा? वाजव! रेल्वे गेल्यासारखं नको. थांब की जरा सुरावर. तो काय तुला चावतोय?"

त्या उन्हाळ्याइतका मी कधी सुखात नव्हतो. पहाटे यार्ड, दुपारी क्लास. सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. पाण्याच्या दिवशी क्लास अर्ध्यात थांबायचा. नळाला धार लागली की मास्तर, त्यांची मुलगी अरुणा आणि मी, सगळे घागरी घेऊन पळायचो. बॅरल भरता भरता मास्तर ओरडून विचारायचे, "भीमपलासात चढताना काय घ्यायचं न्हाई?" मी घागर डोक्यावर घेऊन ओरडायचो, "रिषभ आनि धैवत!" शेजारच्या बायका हसायच्या. अरुणा तेव्हा शाळेत होती. ती मला चिडवायची, "बिराकाका, घागर पडली तरी चालंल, धैवत पडू देऊ नका."

जेवण म्हणजे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती भाकरी चावताना कानात जो आवाज होतो, त्याच्यातही मला ताल ऐकू यायचा. वेड लागलं होतं म्हणा. क्रेट उचलताना डाव्या हाताची बोटं फळीवर चालायची. हमाल म्हणायचे, ह्याला मुंग्या आल्यात. मास्तर रोज शिव्या द्यायचे आणि रोज मी थोडा सुधारायचो. शिव्या देणाऱ्या माणसाने तुम्हाला कान दिलेला असतो. न ऐकता शिवी देता येत नाही. शाबासकी देता येते.

परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. भर दुपार. आवाज नको म्हणून पंखा बंद. खिडकीला ओलं पोतं टांगलेलं, ते केव्हाच वाळून खडखडीत झालेलं. परीक्षक गोरेपान, पांढरा झब्बा, हातरुमालाने मान पुसत होते. माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी रडवलं होतं. तालात कुठेतरी अर्धी मात्रा सरकली म्हणून तिला तीनदा परत वाजवायला लावलं. ती डोळे पुसत बाहेर आली, तेव्हा मला आनंद झाला. मुलगी रडली म्हणून नव्हे. आत कान असलेला माणूस बसला आहे म्हणून. मला वाटलं, आता माझं मोजमाप होणार.

मी बसलो. पेटी वळवून घेतली. किनार गुंडाळलेला उजवा हात भात्यावर ठेवला. परीक्षकांची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. मी भीमपलास सुरू केला. आलाप झाला, बंदिश धरली, ताना सुरू केल्या. आणि एका तानेत, वर चढताना, घामाने डाव्याचा अंगठा घसरला आणि मी धैवत घेतला. जो घागरी वाहतानाही सोडत नव्हतो तो नियम मोडला. भीमपलासात चढताना धैवत म्हणजे वरणात साखर. नवशिक्या पोराच्याही कानाला तो टोचतो. माझ्या तर पाठीतून कळ गेली. मी परीक्षकांकडे बघितलं.

ते म्हणाले, "वा!"

त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि अजून भात्यावरच्या हातावर होते. पुढची तान मी सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुरे, पुरे. धन्य आहात तुम्ही."

"अजून ताना हायत साहेब. ताल म्हणायचाय."

"ताल राहू द्या. टाळी द्यायची म्हणजे... उगाच त्रास नको."

टाळीला तळहात लागतात. माझे दोन्ही तळहात शाबूत आहेत. झपताल, एकताल, रूपक, सगळं मी क्रेट उचलता उचलता पाठ केलं होतं. त्यातलं काही एक त्यांनी विचारलं नाही. उठून आले, माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोटकांवरून अंगठा फिरवला. अगदी त्या खाटकासारखा. त्याने निदान शेळी घरी नेली होती.

निकालात पहिला वर्ग. त्या रडवलेल्या मुलीला दुसरा.

मग जे सुरू झालं, त्याची मला किळस येते. पेपरवाला आला, त्याने पेटीचा फोटो काढला नाही, हाताचा काढला, तोही किनार सोडवून. ज्या भजनी मंडळाने मला उठवलं होतं, त्यांनी बोलावून नारळ दिला. पुढारी माइकवर म्हणाले, आमच्या मंडळात ह्यांचा पाया घातला गेला. पाया! मी वाजवायला बसलो की लोक आधीच टाळ्या वाजवायचे. बेसूर वाजवून बघितलं एकदा, मुद्दाम. उभं राहून टाळ्या. एक बाई आपल्या पोराला पुढे ढकलत म्हणाली, "बघ, काकांना बोटं न्हाईत तरी वाजवतात, आणि तुला मोबाइल सोडवत न्हाई." मी त्या पोराच्या बाजूने होतो. तो बिचारा खरोखर कंटाळला होता, आणि त्या सभेत खरं वागणारा तेवढाच.

सगळ्यात वाईट मास्तरांचं झालं. त्यांनी माझा तो पेपरातला फोटो चौकटीत घालून क्लासच्या दाराशी लावला. क्लासला गर्दी वाढली. आणि मास्तरांनी मला शिव्या देणं बंद केलं. मी तोच धैवत मुद्दाम घेऊन बघितला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चालतंय, चालतंय." पहिल्या वर्गाला शिव्या कोण देणार? त्या दिवशी माझं शिक्षण संपलं. मी धंद्यात शिरलो, हमालाचा व्यापारी झालो, आणि घरी एकटाच वाजवत राहिलो. मास्तर गेले तेव्हा मी त्यांच्या पायांशी बसून रडलो. लोकांना वाटलं, गुरूसाठी. मी त्या राहून गेलेल्या शिव्यांसाठी रडत होतो.

डाळिंब घेताना मी ते तळहातावर तोलतो, टिचकी मारतो आणि कानाशी नेतो. भरलेलं फळ खणखणीत वाजतं, पोकळ असेल तर थप् असा आवाज येतो. चार पैशांच्या फळाला मी एवढा कान देतो. यार्डातला कुठलाही क्रेट दाखवा, त्याची लायकी मी उभ्या उभ्या सांगेन. माझी स्वतःची मला सांगता येत नाही. घरी भीमपलास लावतो, डोळे मिटतो, एखादी तान अशी जाते की अंगावर काटा येतो. आणि लगेच मनात येतं, हे खरं होतं, की मीही आता माझ्या हाताकडे बघूनच वा म्हणतोय?

तर परवा त्या घोकणाऱ्या पोरांचा आवाज ऐकून मी गाडी थांबवली. क्लास आता अरुणा चालवते. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"बिराकाका, तुम्हालाच फोन करणार होते. क्लासचा कार्यक्रम ठेवलाय, तुमचा सत्कार. आणि पाहुणे कोण माहितीये? तेच तुमचे परीक्षक!"

"वाजवायचं कधी?"

"सत्कार झाल्यावर पाच मिनिटं ठेवलीत की."

"सत्काराच्या आधी ठेव."

"काका, आधी कसं? लोकांना तुमची ओळख नको का करून द्यायला?"

"ओळख करून दिल्यावर कोन ऐकनार आहे गं मला?"

ती हळूच म्हणाली, "पप्पापन तेच म्हणायचे. म्हणायचे, फोटो लावला आनि पोरगं घालवलं."

मास्तर हे मला कधी म्हणाले नाहीत. मी अरुणाकडून साहेबांचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच लावला, नाव सांगितलं.

"अहो बिराप्पा! किती वर्षांनी! तुमचा तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे बघा."

"हात राहू द्या साहेब. मी वाजवलं काय होतं?"

"अभंग होता ना काहीतरी? फार भावपूर्ण."

"परीक्षेत अभंग चालत न्हाई. तुमचाच नियम हाय. भीमपलास होता. चढताना धैवत घेतला मी. तुम्ही वा म्हणालात."

"असेल हो, असेल. अहो, मग काय तुम्हाला नापास करायचं होतं मी? तुम्हाला?"

"व्हय," मी म्हणालो.

ते हसले. मोकळेपणाने, प्रेमाने हसले. "तुमची विनोदबुद्धी फार छान आहे," म्हणाले, आणि सत्काराला शाल स्वतः निवडून आणणार असल्याचं सांगितलं.

साहेब, तुम्ही चांगले गृहस्थ आहात, हे मला मान्य आहे. त्यामुळेच तुम्ही इतकी वर्षं सुटलात. लबाड असतात तर मी तुम्हाला तिथल्या तिथे धरलं असतं. पण त्या दुपारी तुम्हाला बसवलं होतं ते ऐकायला, आणि तुम्ही ऐकलं नाही. माझ्या आधीच्या मुलीची अर्धी मात्रा तुम्हाला ऐकू आली. तिचा दुसरा वर्ग खरा होता, तिला ती कुठे आहे ते कळलं. मला का कळू दिलं नाहीत? माझा धैवत अख्खा होता साहेब. तो चुकला म्हणण्याएवढासुद्धा मी तुम्हाला वाजवणारा वाटलो नाही?

मी कार्यक्रमाला येणार आहे. शाल आणू नका, ती मी खांद्यावरून काढून फेकीन, आणि अरुणाचा कार्यक्रम बिघडेल. मी सगळ्यांआधी बसेन, पूर्ण भीमपलास वाजवीन, ताल हातावर देऊन म्हणेन. तुम्ही समोर बसायचं. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. झाल्यावर सगळ्या लोकांसमोर, माइकवर सांगायचं, पास की नापास, आणि कुठे चुकलो. नापास म्हणालात तर मी तुमच्या पाया पडेन. आणि त्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्यायचं, आडवळण न घेता: त्या दिवशी तुम्ही पेन खाली का ठेवलंत?